मोहाखालचा धूर

माझे फोटो आजवर एकाच माणसाने नीट पाहिले, आणि फोटो काढून मी घर बुडवलं तेही नेमकं त्याचंच. अहेरीच्या पलीकडच्या एका खेड्यातले हे भाऊ. बाजाराच्या दिवशी माझे फोटो छापलेला पेपर घेऊन माझ्याकडे येणार, फोटोखालच्या ओळींवर पंजा ठेवणार आणि मास्तरासारखे विचारणार, "आता सांगा, काय दिसून राह्यलं?" एकदा मंत्र्यांच्या फोटोत त्यांना मागची शेळीच तेवढी दिसली. "साऱ्याइत तेच कामाची दिसते," म्हणाले. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. फोटो उभ्यानेच पाहायचा, असा त्यांचा नियम. का, ते देव जाणे!

मी मात्र स्वतःला युद्ध टिपणारा समजत होतो. दहा खिशांचं जाकीट काय, गळ्यात दोन कॅमेरे काय! त्यातला एक बंद होता, ते सोडा. त्या चैत्रात नक्षलवाद्यांच्या मागावरच्या गस्तीच्या तुकडीमागे भाऊंच्या गावी गेलो. भाऊ मोहाखालचा पालापाचोळा जाळत होते. जागा साफ झाली की फुलं वेचायला सोपी जातात, सारा मुलूख तेच करतो. तेवढ्यात एक जवान पाणी प्यायला थांबला. धूर, बंदूक, जंगल... मला घबाडच मिळालं! भाऊ आणि त्यांची लेक उगाच गर्दी करत होते, म्हणून दोघांना कापलं. उरलेला फोटो पहिल्या पानावर, गावाच्या नावासकट: 'धगधगती गडचिरोली'. मी पेढे वाटले. एक भाऊंनीही खाल्ला.

चार दिवसांनी त्यांच्या लेकीची जमलेली सोयरीक मोडली. नागपूरच्या पाहुण्यांनी पेपर पाहिला होता. असल्या गावात वऱ्हाड कोण नेणार? "धूर माहा, अन् लढाई तुमची," भाऊ एवढंच म्हणाले. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी शहाणा न कापलेला फोटो घेऊन नागपूरला गेलो. त्यात भाऊ टोपली धरून तोंडभर हसताहेत, शेजारच्या झाडाखाली लेक फुलं वेचते आहे. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावला. "बाप रे! एवढ्या गोळीबारात हा माणूस हसून कसा राह्यला?" तासभर मी त्यांना मोहाचं झाड समजावलं. त्यांनी चहा पाजला आणि नकार कायम ठेवला.

परत येऊन भाऊंना सगळं सांगितलं. मान वर करायची लाज वाटत होती. त्यांनी फोटो घेतला, पुष्कळ वेळ पाहिला.

"पोरीसंग माहा एकही फोटो नाई," म्हणाले. "यातला जवान काढून देता येते काय?"

मी कात्री उचलली, तर त्यांनी हात धरला.

"त्याचा तुकडा फेकू नका. त्याच्या मायले पाठवा. तिलेबी पाहावं वाटत असन. नाव काय त्याचं?"

नाव मी विचारलंच नव्हतं. पाणी पिणाऱ्या त्या पोराला एवढंच म्हणालो होतो, बंदूक जरा वर धर.

तुकडा अजून माझ्या खणात आहे. भाऊ भेटले की आधी तेच विचारतात, "लागला काय मायचा पत्ता?"