मागं सरंल त्यो...

किस्से सांगायला आमच्या ट्रॅकमनच्या गँगीला येगळं बसावं लागत न्हाई. पूर्णेच्या बाजूला रूळ सरकवता सरकवता ते आपोआप साठतात. मी मुकादम. बारा जण रुळाखाली पहारी घालतात, मी हाळी देतो, ते जोर लावतात. हाळी माझ्या बापाची. ‘लावा जोर!’ ‘हैशा!’ ‘मागं सरंल त्यो बायल्या!’ ‘हैशा!’ अन् रूळ हालला म्हणून समजा. वीस वर्षं एक शब्द बदलला न्हाई.

*

मग कमलताई गँगीत आली. पहिल्याच दिवशी हाळी ऐकून तिनं पहार खाली ठेवली.

‘मुकादम, मी तर बाईच हाय. मी बसते. सरकवा तुमी गडी.’

अकरा गडी, तीनदा हैशा. रूळ जागचा हालंना! शेवटी म्हातारे गंगारामकाका म्हणले, ‘ऊठ माय, आमचं चुकलं.’

मी हाळी मात्र तशीच ठेवली. जित्याची खोड!

*

सुदाम आमच्यातला सगळ्यात ताकदीचा. अन् भाकरी अशी मऊ करतो की त्याचा डबा उघडला की आमचे बंद. एकदा जेवताना मीच छेडलं, ‘सुदाम्या, चाळिशी आली, लगीन का करीना?’

‘मला बाई नको, मुकादम. मला पुरुष आवडतो.’

सगळ्यांचे घास तोंडातच! मग गंगारामकाका म्हणले, ‘बरं. ठेचा इकडं सरकव.’

*

मला वाटलं, विषय मिटला. आठ दिवसांनी सुदामनं बदलीचा अर्ज हातात दिला. मी तडकलो, ‘कोण काय म्हणलं तुला? नाव सांग, तंगडं मोडतो!’

‘तुमीच. रोज हाळीत म्हणता. अन् मला बी हैशा म्हणावं लागतं.’

लय लाज वाटली. ‘सही उद्या करतो,’ म्हणून कागद परत दिला.

*

दुसऱ्या दिवशी गाडीला थोडाच वेळ, पहारी रुळाखाली.

‘लावा जोर!’ ‘हैशा!’ ‘मागं सरंल त्यो...’

अन् माझं तोंड बंद! दुसरं काही सुचंना. बारा जण पहारीला लटकलेले.

‘अवो म्हणा की काईतरी, कंबर चालली!’ कमलताई ओरडली.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाहून सुदामचा खणखणीत आवाज आला, ‘मागं सरंल त्यो मुकादम!’

‘हैशा!!’

असला जोर बापजन्मात पाहिला नव्हता. रूळ एका दमात जाग्यावर! गाडी शिट्टी वाजवत निघून गेली.

दुपारी सुदामनं भाकरी माझ्यापुढं सरकवली. ठेचा एका कागदात बांधलेला. उघडून बघतो तर अर्ज! माझ्या सहीच्या जागेवर तेलाचा हा एवढा डाग.