पेटीला फोन दे

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला पेटी विकलेली नाही. त्यांनी फक्त प्रत्येक पेटीसाठी एकेक माणूस कामाला ठेवला आहे. माणसाला वाटतं, आपण हार्मोनियम विकत घेतली. मामांच्या लेखी पेटीला पुसायला, तिचा भाता ओढायला आणि पावसाळ्यात तिला ओलीपासून जपायला कुणीतरी लागतं, ती नोकरी त्याला लागलेली असते. जुन्या पनवेलमध्ये तलावामागच्या एका गल्लीत त्यांची दहा बाय बाराची खोली आहे. तिथे बसून ते उरण-पेणपर्यंत पांगलेल्या आपल्या पेट्यांची आणि त्यांच्याकडच्या या नोकरमंडळींची खबर ठेवतात. माझा त्यांच्यावर जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात बहुतेक जळफळाटच आहे.

मी स्वतः ग्राहकसेवेतला माणूस. फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीत गेली वीस वर्षं मी फोनवर बसणाऱ्या मुलामुलींना गोड बोलायला शिकवतो. ‘सर, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे वाक्य दिवसातून दोनशे वेळा कंटाळा न दाखवता कसं म्हणायचं, यावर मी तासभर बोलू शकतो. ज्या महिन्यात तक्रारी कमी येतात, त्या महिन्यात आमच्या ऑफिसात केक कापतात. अशा माणसाला मामांच्या खोलीत अर्धा तास बसवलं की त्याचं काय होत असेल बघा. कुणी आलं तरी मामा मान वर करत नाहीत. कानशीने पितळी सूर, म्हणजे पेटीतली आवाज देणारी पातळ जीभ, घासत असतात, तो मनासारखा होईपर्यंत आलेला माणूस उभा. मग पहिला प्रश्न, “गातोस का वाजवतोस?” गातो म्हटलं की, “गा.” तिथेच, दारात, चपला अजून पायात असताना. नवीन पनवेलचे एक मोठे डॉक्टर असेच गायला लागले आणि मध्येच खोकले. मामा म्हणाले, “आधी खोकला बरा करून ये. तुझी पट्टीच कळेना.” डॉक्टरांना! आणि डॉक्टर पंधरा दिवसांनी खोकला बरा करून आले.

कामोठ्याच्या एका गृहस्थाने इंटरनेटवर मामांना पाचपैकी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘पेटी उत्तम, पण वागणं ठीक नाही.’ कुणीतरी ते मामांना वाचून दाखवलं. मामा रागावले नाहीत. रिक्षा करून कामोठ्याला गेले, त्या गृहस्थाच्या घरी पाणी प्यायले, पेटी उचलली आणि “वागणं चांगलं असेल त्याच्याकडून दुसरी घे” म्हणून सांगून परत आले. तो बिचारा आठ दिवस खोलीच्या पायरीवर बसून होता. नवव्या दिवशी त्याला पेटी मिळाली. आता त्या जागी पाच तारे आहेत आणि खाली लिहिलंय, ‘वागणं योग्यच आहे.’ मी हा प्रसंग आमच्या ऑफिसात सांगितला, तर साहेबांना वाटलं मी राजीनामा द्यायच्या विचारात आहे.

पण मामांची खरी तऱ्हा फोनवर कळते. तक्रार सांगायला कुणी फोन केला की ते माणसाचा चकार शब्द ऐकून घेत नाहीत. “तू बाजूला हो. पेटीला फोन दे.” मग त्या माणसाने फोन पेटीजवळ धरायचा, एकेक पट्टी दाबत जायचं आणि मध्ये बोलायचं नाही. एकदा मी बसलो असताना उरणकडच्या एका भजनी मंडळाच्या बुवांचा फोन आला. ते काकुळतीला आले होते. “मामा, आमची पेटी बोलत नाय. उद्या गावात भजन हाय. आमी काय केलं नाय ओ तिला!”

“केलंस का नाही ते ती सांगेल,” मामा म्हणाले. “दे तिला.”

मामांनी डोळे मिटले, फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडून कुंथल्यासारखे दोन-चार सूर आले. मामांनी मान हलवली. “खालच्या पंचमात झुरळ आहे. झाकण काढ आणि मऊ ब्रशने झटक. मारू नकोस, सुराला लागेल.” दहा मिनिटांनी बुवांचा फोन, “मामा, झुरळच होतं ओ! तुमाला दिसतं काय तिकडून?” मामा हसले आणि पुढचे दोन रविवार त्यांनी आपण होऊन त्या पेटीला फोन केला. बुवांना नव्हे, पेटीला.

आता माझं दुखणं सांगतो. आमच्या घरी मामांच्या हातची पेटी वीस वर्षं आहे. आमच्या लग्नात त्यांनीच ती दिली. बायकोचं गाणं अंगाईपुरतं होतं, ते मुलगी मोठी झाल्यावर थांबलं. पेटी वाजवायला लागलो मी. वाजवतो म्हणजे बरं वाजवतो, हे मीच म्हणायला हवं, कारण दुसऱ्या कुणी अजून म्हटलेलं नाही. रोज संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, साबणाने हात धुऊन, अंगठी काढून. वाजवून झालं की एक सुती खोळ, तिच्यावर एक जाड खोळ, आत कापराच्या वड्या. त्यामुळे तिला कधी काही झालं नाही. लग्नकार्यात मामा भेटले की विचारत, “काय जावईबापू, पेटी काय म्हणते?” आणि मी छाती पुढे काढून सांगे, “मामा, एक तक्रार नाही!” मामांचा चेहरा जरासा उतरे आणि ते जेवायच्या पंगतीकडे निघून जात. केक नको, पण पाठीवर एखादी थाप तरी मारायला काय हरकत होती?

बरं, ते सगळ्या जगाला अरे-तुरे करतात. डॉक्टरांना तू, बुवांना तू, कामोठ्याच्या तीन तारेवाल्याला तू. मी तेवढा अहो-जाहोतला जावईबापू. माझी बायको म्हणे, “मान देतोय तो तुला.” असला मान कुणाला हवा होता?

या जखमेवर मीठ चोळायला तळोज्याचे गृहस्थ आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. आमची खांदा कॉलनीतली इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, हे तिसऱ्या. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला जातात. त्यांनी मामांकडून पेटी आणली आणि आपण होऊन शिकायला घेतली. शिकायला म्हणजे काय, पट्ट्या अशा दाबतात की जणू कारखान्यातले व्हॉल्व्ह बंद करायचेत. भाता एवढ्या जोरात ओढतात की आमच्या दिवाणखान्याचा पंखा डुलतो. साहजिकच महिन्या-दीड महिन्याने काहीतरी मोडतं. आणि मोडलं की मामा येतात! फोनवर भागत नाही तेव्हा स्वतः, रविवारी सकाळी, जुन्या स्कूटरवरून, खांद्यावर हत्यारांची पिशवी अडकवून.

त्यांच्या वहाणा जिन्यात वाजायला लागल्या की मला लगेच कळायचं. डावी वहाण करकरते. पहिला मजला. मग आमचा. मी वाजवत असलो तरी चटकन हात उचलायचो, भाता मिटायचो आणि पाय न वाजवता दारापाशी जाऊन उभा राहायचो. आमच्या दारासमोर वहाणा थांबायच्या. दरवेळी थांबायच्या. मी श्वास रोखून बेलकडे कान लावायचो. मिनिट, दीड मिनिट. मग करकर पुन्हा सुरू व्हायची आणि वर निघून जायची. म्हातारा दम खायला थांबतो, दुसरं काय, असं मी स्वतःला सांगायचो. वरून हसण्याचे आवाज यायचे, कांदेपोह्यांचा वास यायचा आणि तास-दीड तास तो रेंगाळायचा. एकदा तळोजावाले जिन्यात भेटले तर वर मलाच म्हणाले, “साहेब, मामांची सर्व्हिस म्हणजे एकदम टॉप! तुमच्या कंपनीने शिकायला पाहिजे!” त्या दिवशी मी जेवलो नाही.

बायको म्हणाली, “सरळ बोलाव की त्याला जेवायला.” पण मला जेवायला आलेले मामा नको होते. जेवायला ते सगळ्यांकडे जातात. मला पिशवी घेऊन आलेले मामा हवे होते. आमच्या पेटीपुढे मांडी घालून, झाकण उघडून, आत बघून कुणीतरी म्हणायला हवं होतं की हिला नीट ठेवलंयस. वीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलोय, तक्रार केल्याशिवाय कुणी येत नाही. म्हणून मी तक्रार तयार करायला बसलो.

पहिल्या वेळी मी गंधाराच्या सुराखाली कागदाचा कपटा सरकवला आणि आवाजात काळजी आणून फोन केला. अठरा वर्षांत पहिलाच. “मामा, पेटी—”

“बाजूला व्हा, जावईबापू. तिला द्या.”

मी फोन पेटीजवळ धरून पट्ट्या दाबल्या. मग मामा म्हणाले, “मधल्या गंधाराखाली कागद आहे. वर्तमानपत्राचा नाही, वहीचा. काढा.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या वेळी मात्र माझ्या हातून जे घडलं ते लिहायची मला आजही लाज वाटते. त्या शनिवारी दुपारी मी पलंगाखालच्या पेटाऱ्यातून दाभण काढलं आणि जिला अठरा वर्षं फुंकर घालून पुसलं होतं, त्या पेटीच्या भात्याला तीन भोकं पाडली. भाता ओढला तर फुस्स. फोनवर तो फुस्स ऐकून मामा एवढंच म्हणाले, “उद्या येतो.”

रविवारी वहाणा करकरल्या. पहिला मजला. दुसरा. थांबल्या. आणि बेल वाजली! तळोजावाले वरून डोकावून बघत होते, तेही मी पाहून घेतलं. मामा आत आले, चहा नको म्हणाले, पेटीपुढे बसले. दोन्ही खोळी काढून बाजूला ठेवल्या. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मधल्या सप्तकातल्या चार-पाच पट्ट्यांचा पांढरा रंग माझ्या बोटांनी पिवळट झालाय, तिथे बोट रेंगाळलं. मग भाता उघडून उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

“भाता झिजतो तो घडीवर,” ते हळू म्हणाले. “सपाटीवर ओळीने तीन भोकं पडत नाहीत. दाभण आहे हे.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी तिच्याकडेही बघू शकत नव्हतो. “मामा,” मी म्हणालो, “तुम्ही दर महिन्याला वर जाता. आमच्या दारात थांबता आणि पुढे जाता. अठरा वर्षं मी हिला एवढी जपली. एक तक्रार येऊ दिली नाही. तरी तुम्ही कधी आला नाहीत.”

मामा माझ्याकडे बघत राहिले. “अहो, पेटी वाजली की बिघडते,” ते म्हणाले. “वरचा महिन्याला फोन करतो म्हणजे महिनाभर वाजवतो. तुम्ही दरवेळी सांगता, एक तक्रार नाही. मला वाटलं, भाचीच्या घरी माझी पेटी खोळीत मेली. खोळ बघायला कशाला येऊ?” मग पट्ट्यांकडे बघत म्हणाले, “तरी थांबायचो जिन्यात. म्हटलं, एखादे वेळी आवाज येईल. कधी आला नाही.”

दाराच्या आत मी बेलसाठी श्वास रोखून उभा असायचो आणि बाहेर ते पेटीसाठी. मधे एक लाकडी दार. वहाणा ऐकल्या की पहिलं काम मी काय करायचो, तर वाजवणं थांबवायचो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग रडायला. मामांनी पिशवीतून चामड्याचा तुकडा काढला, तिन्ही भोकांवर एकच लांबट ठिगळ लावलं आणि जाताना आमच्याकडून पोह्यांची बशीभर शिदोरी घेऊन वर गेले.

त्यानंतर दीड वर्ष छान गेलं. वहाणा करकरल्या की मी वाजवायला लागायचो. त्या आमच्या दारापाशी थांबायच्या. मी उठायचो नाही, ते बेल वाजवायचे नाहीत. दोन मिनिटं, कधी तीन. मग वर. वर त्यांना चहा-पोहे मिळायचे, मिळोत बापडे. तळोजावाल्यांनी एकदा आमच्या भात्याचं ठिगळ पाहिलं आणि चेहरा पाडून म्हणाले, “आमच्या पेटीला नाही लावलं मामांनी असं.” मी त्यांना साखर जास्त घालून चहा दिला.

यंदा मामांचा गुडघा गेला. स्कूटर खोलीच्या दारात उभी असते, जिने बंद झाले. तळोजावाले आता त्यांची मोडकी पेटी रिक्षात घालून मामांकडे नेतात आणि दोन तासांनी तिथल्या गप्पांनी तुडुंब होऊन परततात. माझ्या पेटीला नेण्यासारखं काही झालेलं नाही आणि दाभणाला मी पुन्हा हात लावणार नाही. रविवारी अकराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली की माझे हात अजून आपोआप पट्ट्यांवर जातात. बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो.

गेल्या रविवारी राहवलं नाही, फोन केला. “मामा, पेटीला काही झालेलं नाही. सहजच.”

“मग बाजूला व्हा,” मामा म्हणाले. “तिला द्या.”

मी फोन पेटीवर ठेवला आणि वाजवायला बसलो. चांगली दहा मिनिटं वाजवलं असेल. थांबलो तर पलीकडे काही नाही. कानशीचा आवाज नाही, श्वास नाही. लाइन गेली असं वाटून मी फोन उचलला. “मामा? आहात ना?”

“जिन्यात आहे,” मामा म्हणाले. “वाजव.”