लाळ मागणारे मामा

मामांच्या घरी चहाआधी लाळ द्यावी लागे. पाहुणा चपला काढून टेकला की मामी पाण्याच्या पेल्याबरोबर एक काचेची नळी पुढे करायच्या, आणि मामा साधेपणाने सांगायचे, "चहा नंतर. आधी यात थोडं थुंका." नवख्यांना वाटायचं, हा यांचा कुळाचार असावा.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. नंदेसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात ते केमिस्ट होते. निवृत्त होऊन लहरीपुऱ्याजवळच्या घरी बसले आणि त्याच सुमारास मामींना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भात बंद केला. मामींनी गोड सोडलं, बटाटा सोडला, त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पण भात सुटला तशा त्या जेवताना गप्प झाल्या. पोळी मोडायची, खायची, उठायचं. मामांना ते बघवेना. "तिचा भात मी परत आणतो," असं त्यांनी माझ्या आईला सांगितलं, रेल्वेत राहिलेली छत्री आणतो म्हणावं तसं.

त्यांचं म्हणणं असं की, भातातल्या पिष्टाची साखर करतात ती लाळेतली आणि पोटातली विकरं. काही झाडपाल्यात या विकरांना अडवणारी द्रव्यं असतात. तसा पाला सापडला, तर भात पोटात जाईल, पण साखर एकदम चढणार नाही. परीक्षा ओट्यावरच चाले. पातळ पेजेत आयोडीन टाकलं की निळा रंग येतो. लाळ घातली की पिष्ट पचतं आणि निळेपणा जातो. पाल्याच्या अर्काने निळा रंग टिकला, तर पाला जिंकला. एकट्याच्या लाळेवर निष्कर्ष काढायचा नाही, ही मामांची शिस्त. त्यामुळे दूधवाला, सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी, कोणी सुटलं नाही. शेजारच्या जयाबेन तर बाजारात निघाल्या की दारातूनच गुजरातीत विचारायच्या, "भाई, आजे जोईए छे?" म्हणजे, आज लाळ हवी आहे का? माझ्या वडिलांबद्दल आईने तक्रार केली, तेव्हा मामा म्हणाले, "माणूस तिरसट आहे खरा, पण लाळ कामसू आहे."

एकदा राजम्याच्या अर्काने आशा दाखवली. मामींनी तो घेतला, भात खाल्ला आणि महिला मंडळाच्या गीतापठणाला गेल्या. तिथे त्यांच्या पोटाने असा काही आवाज काढला की सगळं पठण थांबलं. त्या रागाने लाल होऊन परतल्या. मामांना मात्र आनंद आवरेना. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, म्हणजे औषध लागू पडलं, असं ते समजावत राहिले. मामींनी नंतर बरेच दिवस त्यांच्याशी फक्त जयाबेनमार्फत संवाद ठेवला.

अशात मला बघायला मंडळी यायची होती. आमच्या घराला रंग चालला होता, म्हणून कार्यक्रम मामांकडे ठरला. लाळेचा विषय काढणार नाही, असं आईने त्यांच्याकडून वदवून घेतलं. मामांनी बराच वेळ कळ काढली. पण मुलाने, म्हणजे सुहासने, पाणी मागितलं, आणि सवयीने मामींनी नळीही आणली. सुहासने ती घेतली, भिंतीकडे तोंड केलं आणि निमूटपणे थुंकला. त्याचे वडील छताकडे पाहू लागले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन तशीच उभी.

मामा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. "निळा जात नाही," ते म्हणाले.

आपल्या मुलात काय खोट निघाली, असं सुहासच्या आईने घाबरून विचारलं. मामांना ते ऐकूच गेलं नाही. "सकाळपासून काय काय तोंडात घातलंत?"

सुहास ओशाळला. तोंड आलं होतं, म्हणून रिक्षात बसल्यापासून तो पेरूची पानं चघळत होता. मामा अनवाणीच बाहेर पडले आणि जयाबेनच्या अंगणातल्या पेरूवर चढले. सगळी मंडळी खिडकीतून बघत होती. थोड्या वेळाने वरून हाक आली, "जावईबापू, फांदी धरा." अजून कशाला काही ठरलं नव्हतं. सुहास इस्त्रीच्या शर्टात गेला आणि फांदी धरून उभा राहिला. मी तिथेच होकार दिला.

मामांनी पुष्कळ परीक्षा करून सयाजीगंजला युनिव्हर्सिटीतल्या एका प्राध्यापकबाईंची वेळ घेतली. मला सोबत नेलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की पेरूच्या पानांचा हा गुण जुनाच माहीत आहे, जपानात तर त्याचा चहाही मिळतो. परत येताना मी मामांची समजूत घालायला शब्द शोधत होते. ते म्हणाले, "म्हणजे खरं आहे ना ते? मग आज भात लावायला सांगू."

डॉक्टरांनी कुरकुर केली, पण गोळ्या न चुकवता आणि साखर तपासत अर्धी वाटी भाताला परवानगी दिली. त्या दिवशी मामींनी पेरूच्या पानांचा काढा घेऊन वरणभात कालवला. मामा स्वतःचं ताट विसरून त्यांच्याकडे बघत बसले. "असं काय बघताय, दृष्ट लागेल," त्या म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्या जेवताना बोलत होत्या.

मामा गेल्याला आता तीन वर्षं होतील. परवा मी त्या घरी गेले तेव्हा मामी नाक मुरडून पेरूच्या पानांचा तोच काढा पीत होत्या. इतका तुरट लागतो तर कशाला घेता, डॉक्टरांची भिस्त काही त्यावर नाही, असं मी म्हटलं.

त्यांनी पेला रिकामा केला. "अगं, पहिल्या दिवसापासून मला तो आवडत नाही," त्या म्हणाल्या. "हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आता बंद केला तर कळेल त्यांना."