पहिलं ताट

किन्हीराजा गावच्या आवडाबाईला वांगं हातात न घेताही कळतं, आत कीड आहे की नाही. देठापाशी सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं की ते वांगं घरचं. बिनडागी, चकचकीत असलं की ते मालेगावच्या बाजाराचं. मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम जिल्ह्यातलं. नाशिककडच्यांनी उगाच कान टवकारू नयेत. पाऊण एकर वावरात तिनं चाळीस वर्षं वांगी, मेथी आणि चवळीच्या शेंगा काढल्या, आणि त्यातलं चांगलं ते कायम दुसऱ्याच्या पिशवीत गेलं.

घरातही तीच तऱ्हा. आधी नवरा हिरालाल जेवायचा, मग मुलगा हर्षल, मग आला-गेला, मग वावरातला गडी. आवडाबाईची पाळी येईपर्यंत पातेल्याच्या तळाला करपून चिकटलेली खरवड तेवढी उरलेली असायची. ती कलथ्यानं खरडायची आणि कुणी पाहिलंच तर म्हणायची, "मले खरवडच आवडते." घरच्यांनी ते खरं मानलं, कारण ते मानणं सोयीचं होतं. दुधाची खरवड एखादे वेळी आपण सगळेच आवडीनं खातो. पण वरणाची, भाताची, भाजीची, दोन्ही वेळा, चाळीस वर्षं? कुणाला आवडते हो? हर्षलचं लग्न झालं तेव्हा त्यानं नव्या बायकोला, राधिकेला, मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, "आमच्या मायले खरवड लय आवडते." तेव्हापासून सासू-सुना मिळून पातेली खरडू लागल्या.

हर्षलचं मालेगावला कृषी सेवा केंद्र आहे. त्या वर्षी एका बियाण्याच्या कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना बोटीची सफर दिली. मुंबईहून निघायचं, गोव्याला जाऊन परत यायचं, तीन दिवस समुद्रावर. तिकिटं तीन मिळाली. राधिकेला सातवा महिना होता, डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं. म्हणून हर्षलनं आई-बापाला बरोबर घेतलं. हिरालाल वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. दारू नाही, शिवी नाही, कधी हात उगारला नाही. फक्त त्यानं स्वतःच्या हातानं माठातून पाणी घेतलेलं किन्हीराजात कुणी पाहिलं नव्हतं.

बोट कसली, अख्खं मालेगाव आत मावेल एवढी. जेवणाचं दालन उघडायच्या आधी कंपनीच्या माणसानं सगळ्यांना दारापाशी गोळा केलं आणि शाळेतल्या मास्तरासारखं समजावलं. दाराशी बेसिन आहे, हात धुऊनच आत जायचं. लगेच ताट उचलायचं नाही. आधी रिकाम्या हातानं एक चक्कर मारायची, काय काय मांडलंय ते बघायचं. पहिल्याच टेबलावर भात दिसतो, तिथंच ताट भरून बसायचं नाही. थोडं थोडं घ्यायचं, पुन्हा यायचं, दर वेळी नवं ताट. नाश्ता सात ते दहा, जेवण साडेबारा ते तीन. खोलीत काही न्यायचं नाही. वाढायला कुणी येणार नाही आणि कुणी कितीदा आलं हे मोजायलाही कुणी बसलेलं नाही.

आवडाबाईनं पदर सावरत विचारलं, "कितीदा जाता येते, भाऊ?"

"वाटेल तितक्यांदा, आजी."

"अन् पयले कोन जाते?"

तो हसला. "जो आधी येईल तो."

हे उत्तर तिनं डोक्यात नीट ठेवून घेतलं. हिरालालनं मात्र यातलं एक अक्षर ऐकलं नाही. तो काचेतून समुद्र पाहत होता.

पहिल्या दुपारी हिरालाल खिडकीपाशी बसला, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आवडे, आन." तिनं आणलं. मग लिंबू. मग दुसरी पोळी. मग "थे पिवळं काय हाये, थे आन." पायाखालची जमीन डुलत होती आणि ही बाई ताटं घेऊन सहा खेपा करत होती. आजूबाजूलाही तेच चाललं होतं: उभं राहायचं बायकांनी, बसायचं पुरुषांनी. दोनशे पदार्थांचा बुफे झाला म्हणून काय, जित्याची खोड!

वेगळं दिसलं ते एकाच टेबलावर. वाशीमचे भागचंदजी, खतं-बियाण्यांचे जुने व्यापारी, आपलं ताट आपण घेऊन आले. त्यांच्या बायकोनं, प्रेमाबाईंनी, कांदा-बटाटा चालत नाही म्हणून बोटीवाल्यांना आधीच कळवलं होतं. आचाऱ्यानं त्यांच्यासाठी केलेलं वेगळं जेवण स्वतः येऊन दाखवलं. आवडाबाईला नवल वाटलं. "तुमच्यासाठी एगळं केलं?" प्रेमाबाई म्हणाल्या, "मांगतलं म्हणून केलं. न मांगता कोन करते, बाई?"

सगळ्यांचं झालं तेव्हा आवडाबाई स्वतःसाठी उठली. तीनला दहा मिनिटं कमी होती. तिनं ताट घेतलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं तिचा हात गेला तो एका जवळपास रिकाम्या परातीकडे. कोपऱ्यात करपलेला पुलाव चिकटला होता. ती तो चमच्यानं खरडू लागली. शेजारीच दुसरी परात काठोकाठ भरलेली होती, तिच्यातून वाफ निघत होती. ती तिला दिसलीच नाही.

उंच पांढरी टोपी घातलेला आचारी लगबगीनं आला. मालवणकडचा होता. "आजी, ते नको! ते टाकायचंय. हे बघा, बाजूला ताजं आलंय."

"टाकाचं?"

"मग? तळाचं करपलेलं कोण खाणार?"

तो बिचारा सहज बोलून गेला आणि परात उचलून घेऊन गेला. आवडाबाई चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. जे ती आयुष्यभर जेवण म्हणून खात आली, ते या माणसानं तिच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात नेलं होतं आणि त्यात त्याला काही विशेष वाटलंही नव्हतं. तिला रडू नाही आलं. तिला संताप आला. आधी हिरालालचा आला. मग, संध्याकाळी डेकवर वारा खात बसली असताना, स्वतःच्या जिभेचाही आला. "मले खरवडच आवडते" असं सांगायला तिला कुणी लावलं नव्हतं. ते तिचं तिनंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हिरालाल अजून टोपी शोधत होता आणि आवडाबाई दालनाच्या दाराशी पहिली उभी होती. हात धुतले. मग बाजारात भाव बघत फिरतात तशी, हात मागे बांधून, पूर्ण चक्कर मारली. घाई नाही. डोसे समोरच करून देत होते. तिनं डोसेवाल्याला बजावलं, "कडक कर भाऊ, अन् लोनी टाकाले मांगंपुढं पाहू नोको." ते ताट टेबलावर ठेवून ती पपईसाठी पुन्हा गेली. मग केकचा तुकडा. तिन्ही ताटं समोर मांडून ती बसली ती नेमकी खिडकीजवळच्या खुर्चीत.

हिरालाल आणि हर्षल आले. हिरालालनं खुर्चीकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं. "माह्यं कोन्तं?"

"तिकडं हायेत ताटं. धुतलेली हायेत."

"म्हंजे?"

"म्हंजे इथं आपआपलं घ्या लागते. काल त्या सायबानं सांगतलं, तवा तुमी समुद्र पाहून राह्यले होते."

पलीकडे प्रेमाबाईंना ठसका लागला. हिरालालच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो आवाज खाली आणून म्हणाला, "लोक काय म्हनतीन?"

"लोक खाऊन राह्यले," आवडाबाई म्हणाली आणि डोशाचा तुकडा मोडला.

हर्षल उठायला लागला. "थांबा बाबा, मी आनतो."

"बस खाली! त्याईच्या पायाले मेंदी नाई लागली."

हर्षल बसला. आईचा असा आवाज त्यानं यापूर्वी फक्त वावरात शिरलेल्या गुरांवर ऐकला होता. हिरालाल रुसून, न खाता, तडक खोलीत निघून गेला. असं घरी झालं असतं तर आवडाबाईही उपाशी राहिली असती. हजारदा राहिलेली होती. आज तिनं केक संपवला. जरा गोड होता.

रुसवा दुपारी दीडपर्यंत टिकला. मग पोटातल्या कावळ्यांनी निकाल दिला. हिरालाल खाली आला, कुणाकडे न पाहता रांगेत उभा राहिला आणि कंपनीच्या माणसानं जे करू नका म्हणून सांगितलं होतं नेमकं तेच त्यानं केलं. पहिल्याच टेबलावर भातानं ताट भरलं. पुढं भाज्या दिसल्या, पनीर दिसलं, पण जागाच उरली नव्हती. वरणाचा डाव त्यानं कसाबसा ओतला तो काठाशी कोंबलेल्या गुलाबजामवर पडला. तो येऊन बसला आणि मुकाट्यानं खाऊ लागला.

"दुसऱ्यांदा जाता येते," आवडाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

तो गेला.

परतीचा प्रवास करून तिघं सकाळी किन्हीराजाला उतरले. आवडाबाई आधी वावरात गेली. चार-पाच दिवसांची वांगी तोडायची राहिली होती. बाजाराची टोपली भरता भरता तिनं आठ बिनडागी वांगी बाजूला काढली, ओच्यात घातली आणि राधिकेला आणून दिली. राधिका बावरली. "आई, हे तं बाजाराचे हायेत."

"आज हे घरचे. मसाला भरून कर."

दुपारी राधिकेनं रोजच्यासारखी पुरुषांची दोन ताटं मांडली. आवडाबाईनं ती उचलली. भाजीचं, वरणाचं, भाताचं पातेलं आणि भाकरीची टोपली तिनं ओसरीत एका ओळीत ठेवली, बाजूला चार रिकामी ताटं रचली आणि सांगितलं, "आपआपलं घ्या. पयले राधिका."

हिरालाल उसळला. "बोटीवरचं बोटीवर ठेव! हे घर हाये."

"घर हाये म्हनूनच. बोटीवर तं तीनच दिवस होतो."

हिरालालनं पाठ फिरवली आणि तो दारात जाऊन उभा राहिला. राधिका पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली होती. ती घाईघाईनं म्हणाली, "राहू द्या ना आई. मी सगळ्याईच्या मांगून घेईन. मले खरवडच आवडते."

आवडाबाईला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. तिचंच वाक्य, तिचाच आवाज, आणि तोंड चोवीस वर्षांच्या पोरीचं. तीन वर्षं ही पोर आपल्याशेजारी बसून खरडत होती आणि आपण तिला एकदाही थांबवलं नाही, हे तिला तेव्हा कळलं.

"कोनाले आवडत नाई वो बाई खरवड," ती म्हणाली. "मी चाळीस वर्स लबाड बोलली. तू बोलू नोको." आणि तिनं वरचं ताट उचलून सुनेच्या हातात दिलं.

राधिकेनं एक वांगं घेतलं. सासूनं डोळे वटारले तेव्हा दुसरं घेतलं. तिच्यामागून आवडाबाईनं घेतलं. हर्षल बापाकडे पाहत थोडा घुटमळला, पण वासापुढं कोण टिकतं? त्यानंही घेतलं आणि बोटीवर शिकला होता तसा दुसऱ्यांदाही गेला. तिघं गोल करून बसले. सगळे खाण्यात होते.

हिरालाल दारातून पाहत होता. शेवटी त्यानं टोपी खुंटीला अडकवली, उरलेलं ताट उचललं आणि पातेल्यात वाकून पाहिलं. वांगी संपली होती. तळाला करपलेला मसाला चिकटून होता. त्यानं बायकोकडे पाहिलं.

आवडाबाईनं कलथा त्याच्याकडे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली. "लय चांगली लागते म्हनतेत."