शालिनीबाईंचे हात मोकळे नाहीत

यंदाच्या पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, राष्ट्रगीत संपून लेझमीचा ताशा सुरू होताच, चौथीतल्या मंजुळेने आपल्या कानांवर आवाज अडवणारी झाकणे चढवली. शाळा समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब रांगेत शिरले, सर्वांदेखत ती झाकणे त्यांनी ओढून काढली, "हे खूळ आता पुरे," असे म्हणाले आणि कार्यालयाच्या कपाटात टाकून कुलूप लावले. मंजुळा त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही.

गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला ठाऊक आहे. पण गौरव समितीचे अध्यक्षही अण्णासाहेबच आहेत. "शालिनीबाईंना साठ पूर्ण होताहेत. दोन पाने लिहा, गोड लिहा," असे त्यांनीच मला सांगितले. गोड लिहिण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ आहे. ते सगळे शालिनीबाईंविषयी आहे.

कर्जतच्या या शाळेत मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी सकाळी बाईंची पहिली ओळख झाली. शाळेची घंटा म्हणजे चिंचेच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. रेल्वेच्या गावात घंटा विकत कोण घेतो? धोंडू शिपाई सळईने तो बडवू लागला की पार दहिवलीला ऐकू जाई. त्या चिंचेखाली एक बाई एका लहान मुलाचे दोन्ही कान तळव्यांनी झाकून उभ्या होत्या. कॉन्व्हेंटातल्या शिस्तीप्रमाणे मी पुढे होऊन नमस्कार केला, नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "नमस्कार. हात मोकळे नाहीत." मला तो चक्क उद्धटपणा वाटला. घंटा थांबली. त्यांनी हात काढले, मुलाच्या पाठीवर थोपटले, त्याला वर्गाकडे पिटाळले आणि मग माझ्याकडे वळून रीतसर हात जोडले.

तो मुलगा गणू. घंटा झाली की तो बाकाखाली शिरे आणि बाहेर काढायला गेलेल्याला चावे. आधीच्या गुरुजींनी त्यावर छडीचा उपाय करून पाहिला होता. घरच्यांनी अंगारे लावून झाले होते. त्याची आई शाळेत येऊन रडली, "बाई, पोर खुळं नाय वो. घरात तांब्या पडला तरी त्याला चटका बसल्यागत हुतं. आमी काय करावं?"

शालिनीबाईंनी तिला विचारले, "चुलीवरून गरम पातेलं उतरवताना तुम्ही काय घेता?"

"फडकं."

"मग याच्या कानांना फडकं नको का?"

एवढेच बाईंचे शास्त्र. त्या काळी अशा मुलांसाठी पुस्तक नव्हते, डॉक्टर नव्हते, नाव नव्हते. बाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी घेतली, तिच्यात कापूस भरून गोधडीसारखे टाके घातले आणि डोक्याभोवती बांधता येईल अशी दोन गोल झाकणे शिवली. गणू घंटेच्या वेळी वर्गात बसू लागला. सहामाहीला तो पाढे म्हणून दाखवू लागला. सगळ्यांनी बाईंचे कौतुक केले.

आणि इथेच बाई चुकल्या. हे मी लिहिले पाहिजे, कारण त्या स्वतः हे प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगत आल्या आहेत. गणूला बरे वाटते म्हणून त्यांनी झाकणे दिवसभर ठेवू दिली. दिवाळीनंतर तो खडूच्या आवाजालाही दचकू लागला. झाकणे काढली की शेजारच्या मुलाचे खोकणे त्याला सोसेना. बाई दोन दिवस त्याच्या बाकाशेजारी बसून बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या, "मी त्याचे कान झाकता झाकता त्याचं जग लहान करत होते. फडकं पातेलं उतरवण्यापुरतं असतं. दिवसभर हाताला बांधून कोणी फिरतं का?"

तेव्हापासून शाळेत नियम ठरला. झाकणे गळ्यात असायची. ती केव्हा चढवायची हे मुलाने स्वतः ठरवायचे, आवाज संपला की उतरवायची, आणि मोठ्या माणसांनी आवाज करण्याआधी सांगायचे. घंटेवर सळई मारण्यापूर्वी धोंडू ती वर धरून ओरडे, "वाजवतो रं गणू!" गणू झाकणे ओढून घेई, बोट वर करी, मग घंटा होई. पहिल्या आठवड्यात सगळी शाळा हसली. पुढच्या आठवड्यात सगळी शाळा गणूच्या बोटाकडे बघू लागली. गणू शाळा सोडून गेला, पण धोंडूची आरोळी राहिली. त्याच्या जागी आलेला शिपाईही, गणू कोण हे ठाऊक नसताना, "वाजवतो रं गणू!" म्हणूनच घंटा देतो. गणू आज टेंपो चालवतो. हॉर्न वाजवत नाही, म्हणून शिळफाट्यावर रोज शिव्या खातो.

शालिनीबाई शांततेच्या पुजारी आहेत असा कोणी समज करून घेऊ नये. त्यांना ताशा अतिशय आवडतो. गणपतीच्या मिरवणुकीत त्या ताशेवाल्यांच्या शेजारून चालतात आणि ठेका चुकला तर तोंड वाकडे करतात. "जग गप्प बसणार नाही, प्रभा," त्या मला म्हणतात. "इथे घाटात चढणारं इंजिन शिट्टी देणार, वरातीत बँड वाजणार, लेकरांनी त्यात उभं राहायला शिकलं पाहिजे. उभं राहण्यापुरता आधार आपण द्यायचा."

मंजुळेचे वडील खोपोलीच्या एका गिरणीत यंत्रावर काम करतात. मुलगी पहिलीत असताना बाई त्यांच्या दहिवलीच्या घरी गेल्या, तेव्हा खुंटीवर टोपीखाली एक वस्तू लटकलेली त्यांना दिसली: पोलादी पट्टी आणि दोन टोकांना जाड वाट्या.

"हे काय हो?"

"मिलमंदी देतान, कानाला लावाया. पन घालतो कोन? मुकादमच हसतो."

बाईंनी ती मागून घेतली, सायकलवाल्याकडून पट्टी आखूड करून आणली, आत मऊ कापड शिवले. मंजुळेच्या डोक्यावर ती नीट बसली. मग बाई वडिलांना म्हणाल्या, "आता तुम्ही गिरणीतून दुसरी मागून घ्या आणि घाला. पोरीला एकटीला घालायला लावू नका." बाईंना नाही म्हणणे कठीण असते. वडिलांनी ती मागितली आणि घातली. सोबत्यांनी छेडले, "काय रं, बायकोचं ऐकायचं सोडलंस काय?" ते म्हणाले, "नाय रं, घरी गेल्यावर तिचं नीट ऐकू यावं म्हणून." आता त्यांच्या पाळीतले आणखी काही जण घालतात. मुकादम अजून हसतो. पण त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागते, हेही सगळ्यांना माहीत आहे.

मला स्वतःला बाईंनी काय दिले, हे थोडक्यात सांगते. माझी आई गेली तेव्हा घरात माणसांची रीघ लागली. प्रत्येकाने मला सुटकेची, नशिबाची, देवाच्या इच्छेची चार वाक्ये ऐकवली. शालिनीबाई पिशवीत भिजवलेले वाल घेऊन आल्या. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसल्या, अर्धे वाल माझ्यापुढे सरकवले आणि आम्ही दोघी डाळिंब्या सोलत बसलो. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. परातीतले वाल संपले तेव्हा मी पहिल्यांदा रडले. कोणाचे कान केव्हा झाकायचे, हे त्यांना मुलांपुरतेच कळते असे नाही.

आता पुन्हा पंधरा ऑगस्टकडे. मंजुळेने राष्ट्रगीत झाकणे गळ्यात ठेवून, ताठ उभे राहून म्हटले. तिच्या शेजारी मी होते. ताशा सुरू झाल्यावर तिने ती चढवली, म्हणजे नियम पाळला. ज्यांना नियम माहीत नव्हता त्यांनी तिला शिक्षा केली. झाकणे ओढली गेल्यावर ती किंचाळत रेल्वेच्या रुळांकडे धावली. निवृत्त होऊनही झेंडावंदनाला न चुकता येणाऱ्या शालिनीबाई साठीच्या उंबरठ्यावर तिच्यामागे धावल्या. फाटकापाशी त्यांनी तिला धरले आणि ताशा थांबेपर्यंत तिचे कान तळव्यांनी झाकून उभ्या राहिल्या.

तिचे वडील आता म्हणतात, "बाई, शाळंत तिची अशी शोभा हुनार असंल तर नाय पाठवत. घरी म्हशी हायेत, भाताचं काम हाय." चौथीतल्या, भागाकारात सगळ्या वर्गाच्या पुढे असलेल्या मुलीची शाळा एका कपाटाच्या कुलपावर येऊन थांबली आहे. शालिनीबाई रोज संध्याकाळी दहिवलीला जाऊन तिचा अभ्यास घेतात. झाकणे मागायला त्या अण्णासाहेबांकडेही गेल्या. उत्तर मिळाले, "बाई, आधी तुमचा सत्कार होऊ द्या, मग बघू."

मी फार संतापले. बाई म्हणाल्या, "भांडायचं तर भांड, पण माणसाला परत यायला वाट ठेव." मग मी वाट ठेवते. अण्णासाहेबांनी या शाळेला छप्पर दिले, हे मी विसरलेले नाही. सत्काराला ढोल-ताशे सांगितल्याचेही त्यांनीच उत्साहाने कळवले आहे. बाईंची त्याला हरकत नाही. "वाजू दे की! साठ वर्षं झाली," म्हणाल्या. त्यांची मागणी एकच आहे: हार मंजुळेच्या हातून घेईन, तिच्या गळ्यात तिची झाकणे असताना.

शालिनीबाईंना दीर्घायुष्य लाभो, गुडघे धड राहोत, दहिवलीचा रस्ता त्यांच्या पायांना जवळ वाटत राहो, आणि ताशाचा चुकलेला ठेका ओळखण्याइतके त्यांचे कान शंभराव्या वर्षीही तिखट असोत.

हा लेख छापखान्यात जाण्यापूर्वी अण्णासाहेब वाचतील, कारण सगळे लेख ते वाचतात. येत्या शनिवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत त्यांनी मंजुळेची झाकणे आणि 'ही मुलगी ती घालून शाळेत बसेल' असे लेखी उत्तर माझ्या घरी पोचवावे. तोंडी उत्तर चालणार नाही. ते आम्ही ऐकले आहे. उत्तर आले तर मी स्वतः लेखातला पंधरा ऑगस्टचा भाग काढीन, बाकीचा गोड लेख त्यांनी आनंदाने छापावा. आले नाही, तर हा लेख मी सत्काराच्या व्यासपीठावर उभी राहून पहिल्या शब्दापासून वाचीन. माझा आवाज मोठा आहे. म्हणून सुरू करण्याआधी पहिल्या रांगेत बाईंना बिलगून बसलेल्या मुलीकडे वळून सांगेन, "वाजवते गं मंजुळा!" आणि अण्णासाहेब हार घेऊन पुढे येतील, तेव्हा तो घ्यायला शालिनीबाईंचे हात मोकळे नसतील.