ऊर्मिला बोडसने उघडलेल्या बंद फायली

इंगोलश्टाटच्या उत्तरेला, गाड्यांच्या मोठ्या कारखान्यापासून बसने तीन स्टॉपवर, एका चार मजली इमारतीत ऊर्मिला बोडस राहते. मूळची चिंचवडची, वय त्रेपन्न. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती क्वालिटी खात्यात आहे. काम सांगायला सोपं आणि करायला चिकट. ग्राहकाने ‘बिघडला’ म्हणून परत पाठवलेला भाग टेबलावर घ्यायचा आणि तो नक्की कशाने बिघडला ते शोधून काढायचं. बावीस वर्षं हेच केल्यामुळे तिला एक खोड जडली आहे. कुणी काही ठासून सांगितलं की ती मान जराशी तिरकी करते आणि विचारते, “कशावरून?”

तिचा नवरा नागेश स्वतः इंजिनियर, पण या प्रश्नापुढे तोही सपशेल शरण जातो. “भाजीत मीठ घातलंय,” असं सांगतानासुद्धा तो आधी चव घेऊन बघतो.

या खोडीपायीच ऊर्मिला एके दिवशी अशा जागी जाऊन बसली, जिथे बसायचं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

झालं असं. त्यांच्या वर तिसऱ्या मजल्यावर फ्राऊ विमर, म्हणजे विमरबाई, राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, कोर्टाच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या बाई. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत इमारतीच्या तळघरातून दोन सायकली चोरीला गेल्या आणि व्यवस्थापनाच्या ऑफिसातून फ्राऊ विमरना पत्र आलं : त्या संध्याकाळी शेवटच्या तुम्हीच खाली गेला होतात, दार तुम्ही उघडं टाकलंत, पुन्हा असं घडल्यास कारवाई होईल. बाईंनी पत्राला उत्तर दिलं नाही. आठवडाभर त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. जिन्यात कुणी भेटलं तर नजर खाली.

ऊर्मिलेला हे बघवेना. तिने थर्मामीटर घेतला आणि चार दिवस, सकाळ-दुपार, तळघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पाचव्या दिवशी सगळ्या रहिवाशांना दीड पानांचा फोटोंसकट अहवाल मिळाला. थंडी उणे पाचच्या खाली गेली की कुलपाची जीभ पुरती बाहेर येत नव्हती. दार लागल्यासारखं दिसायचं, ‘टक्’ असा आवाजही यायचा, आणि बोटाने ढकललं की उघडायचं. व्यवस्थापनाने कुलूप बदललं आणि फ्राऊ विमरना माफीचं पत्र पाठवलं. ते पत्र त्यांनी फ्रेम करून लावलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

त्याच वर्षी मार्च महिन्यात त्याच फ्राऊ विमर वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन दारात उभ्या. “आल्झो, तर मग,” चष्मा सारखा करत त्या म्हणाल्या, “हे तुमच्यासाठी आहे. अर्ज भरा.”

म्युनिकमध्ये ‘नॉखमाल’ नावाची एक संस्था होती. नॉखमाल म्हणजे पुन्हा एकदा. आपल्याला विनाकारण शिक्षा झाली असं ज्यांचं म्हणणं असेल, ते या संस्थेला लिहायचे. संस्थेचे वकील प्रकरण तपासायचे, आणि खरोखर काही नवा पुरावा हाती लागला तर खटला पुन्हा चालवा म्हणून कोर्टात अर्ज करायचे. या संस्थेवर देखरेख ठेवायला पाच जणांचं एक मंडळ होतं. त्यात एक जागा रिकामी झाली होती आणि या वेळी कायद्याशी काडीचा संबंध नसलेलं माणूस हवं, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं.

“मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही,” ऊर्मिला म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” फ्राऊ विमर म्हणाल्या. “तेच तर हवंय त्यांना.”

घरी मैत्रेयी होती, ऊर्मिलेची लेक, एकोणीस वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. “एंडलिश!” ती ओरडली. एकदाचं! आता आई घराबाहेर कुणाला तरी प्रश्न विचारेल, ही आशा तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

निवड झाली आणि ही बातमी ऊर्मिलेने चिंचवडला सासूबाईंना फोनवर सांगितली. सरलाबाईंनी दोनदा समजावून घेतलं.

“म्हणजे तू जज झालीस?”

“अहो आई, नाही. कोर्टाचा निकाल चुकला का ते तपासणारी एक संस्था आहे. ती काम नीट करते का, ते आम्ही बघायचं.”

“म्हणजे जज चुकले का ते बघणारे, आणि त्यांच्याही वर तू!”

“तसं नाही हो आई—”

पण फोन बंद झाला होता. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या तिन्ही विंगांत बातमी पोचली की बोडसांची सून जर्मनीतल्या जजांचे कान धरते.

प्रत्यक्षात पहिल्या बैठकीत ऊर्मिला कुणाचे कान धरायच्या अवस्थेत नव्हती. अध्यक्ष डॉक्टर लोरेन्त्स तीस वर्षं न्यायाधीश होते. उंच, सावकाश बोलणारे, प्रत्येक वाक्याला मुद्दा क्रमांक द्यायची सवय असलेले. बाकी दोघे वकील, एक प्राध्यापिका. संस्थेचं रोजचं काम बघणाऱ्या फ्राऊ केसलर यांनी वर्षाचा अहवाल वाचला. गेल्या सहा वर्षांतले एकूण अर्ज दोनशे ऐंशी, पुढे नेलेले सहा, बाकी बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या, कॉफी प्यायली आणि ऊर्मिला इंगोलश्टाटच्या गाडीत बसून परत आली.

गाडीत तो आकडा मात्र डोक्यातून जाईना. तिच्या कामातही असंच व्हायचं. परत आलेल्या भागांपैकी अर्ध्यांवर ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का बसायचा. आणि अनुभवाने तिला ठाऊक होतं की त्यातले काही भाग चांगले नसतातच. त्यांची चाचणी फक्त सोयीच्या जागी झालेली असते.

जूनच्या बैठकीत तिने हात वर केला.

“जी प्रकरणं बंद होतात, ती बरोबर बंद झाली का, हे कुणी बघतं का?”

डॉक्टर लोरेन्त्स सौम्यपणे म्हणाले, “फ्राऊ बोडस, आपण देखरेख मंडळ आहोत. एक, आपण प्रकरणात हात घालत नाही. दोन, तसं केलं तर संस्थेचं स्वातंत्र्य धोक्यात येईल.”

“मला प्रकरणात हात घालायचा नाही,” ऊर्मिला म्हणाली. “फक्त कपाटात घालायचाय.”

प्राध्यापिका बाई हसल्या आणि वातावरण जरा सैल झालं. ऊर्मिलेने समजावून सांगितलं : बंद फायलींपैकी वीस काढायच्या, निवडून नव्हे, मोजून, दर चौदावी. कोण दोषी, कोण निर्दोष हे बघायचं नाही. अर्ज आला तिथपासून फाइल बंद झाली तिथपर्यंत काय काय घडलं, एवढंच तपासायचं. लगेच डाटेनशुत्सचा प्रश्न निघाला. खाजगी माहितीचा कायदा जर्मनीत देवासारखा सगळीकडे असतो. शेवटी नावंपत्ते काळे करायचे असं ठरलं आणि परवानगी मिळाली.

जुलैचे दोन शनिवार ऊर्मिला संस्थेच्या ऑफिसात बसली. डब्यात दडपे पोहे नेले होते, फ्राऊ केसलरनाही दिले. त्यांनी चमचाभर खाऊन थँक्यू म्हटलं, पण हसल्या नाहीत. दुसऱ्या शनिवारी त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अकरा वर्षं मी इथे आहे. आम्ही चौघं मिळून हे सगळं ओढतो. तुम्ही मला पकडायला आला आहात का?”

ऊर्मिलेला एकदम ओशाळल्यासारखं झालं. पेन खाली ठेवून ती म्हणाली, “माझ्या कामात मी माणूस कधी शोधत नाही. माणूस सापडला की लोक खूश होतात आणि शोधायचं थांबतात. मग तीच चूक दुसऱ्या माणसाच्या हातून होते.”

फ्राऊ केसलर दारातून आत आल्या. खुर्ची ओढून समोर बसल्या.

बाराव्या फायलीपर्यंत सगळं ठाकठीक होतं. तेराव्या फायलीवर कारण लिहिलं होतं : ‘उत्तर आलं नाही’. अर्ज आल्यावर संस्था अर्जदाराला काही प्रश्न पाठवायची. चार आठवड्यांत उत्तर नाही आलं तर कॉम्प्युटर फाइल आपोआप बंद करायचा. ऊर्मिलेने शेवटचं पान उलटलं. तिथे एक पाकीट स्टेपल केलेलं होतं. संस्थेचंच पाकीट, न उघडलेलं. वर पिवळी चिकटपट्टी : या पत्त्यावर नाही.

“हे काय?” तिने विचारलं.

फ्राऊ केसलरनी पाकीट हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. अर्जदाराला दरम्यान दुसऱ्या तुरुंगात हलवलं होतं. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. परत आलेलं पाकीट कुणीतरी शिस्तीत फायलीला लावलं, आणि यादीत मात्र उत्तर नाही म्हणून नोंद झाली.

वीस फायलींत अशा तीन निघाल्या.

त्यातल्या पहिल्या फायलीतला मूळ अर्ज ऊर्मिलेने वाचला. वाचायला नको होता खरं तर, कारण तिची मर्यादा पाकिटापर्यंतच. पण अक्षर इतकं नेटकं होतं की डोळे आपोआप पुढे सरकले. माणूस हीटिंगचा, म्हणजे घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रांचा फिटर. एका गोदामाला आग लावल्याबद्दल साडेचार वर्षांची शिक्षा. त्याचं म्हणणं, त्या संध्याकाळी तो चाळीस किलोमीटर लांब मावशीच्या घरी तिचा बंद पडलेला बॉयलर दुरुस्त करत होता. मावशीने साक्षही दिली होती, पण नात्यातली म्हातारी, तिला वार नक्की आठवेना; कोर्टाने मानलं नाही. शेवटी त्याने लिहिलं होतं : आमचा प्रत्येक फिटर बॉयलर उघडताना स्वतःचा कोड घालतो. तो कोड आणि वेळ बॉयलरच्या मेमरीत राहते. आधी हे कुणी विचारलं नाही आणि घाबरून मलाही सुचलं नाही. कृपया तो बॉयलर वाचा.

अर्जाला चौदा महिने झाले होते.

तो बॉयलर अजून जागेवर असेल का? हल्ली जो तो जुने बॉयलर काढून विजेवरचे हीट पंप बसवत होता. तिच्या स्वतःच्या इमारतीत तीच चर्चा चालू होती. तिने फाइल मिटली, फ्राऊ केसलरच्या हातात दिली आणि म्हणाली, “यात मी बोलणं नियमात बसत नाही. पण ही आजच बघा. सोमवारी नको.”

फ्राऊ केसलरनी मूळ फाइल काढली, काळं न केलेली. उभ्याउभ्या वाचली आणि फोन उचलला. ऊर्मिला बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली. ऐकायचं नाही म्हणून तिने खिडकीबाहेरच्या ट्राम मोजायला घेतल्या. सातवी ट्राम गेली तेव्हा दार उघडलं.

“बॉयलर आहे,” फ्राऊ केसलर म्हणाल्या. “येत्या गुरुवारी काढणार होते. मी मावशींना सांगितलं, माणसं आली तर दार उघडू नका. त्या म्हणाल्या, दार तर मी कुणालाच उघडत नाही!”

आणि त्या दोघी, एक अकरा वर्षांच्या कामाने दमलेली आणि एक पोह्यांचा डबा हातात धरलेली, पॅसेजमध्ये उभ्या राहून खदाखदा हसल्या.

सप्टेंबरच्या बैठकीत ऊर्मिलेने तिचा दीड पानी अहवाल मांडला. एका वकिलाने लगेच विचारलं, पाकीट स्टेपल करणारं कोण होतं? ऊर्मिला म्हणाली, “मी विचारलं नाही. परत आलेल्या पाकिटासाठी यादीत रकानाच नव्हता. तिथे कुणीही बसला असता तरी हेच केलं असतं.”

डॉक्टर लोरेन्त्सनी अहवाल टेबलावर ठेवला. मग मुद्दा क्रमांक न देता म्हणाले, “मीसुद्धा तीस वर्षं लोकांना पत्रं पाठवली. कुणी गप्प राहिलं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असंच मी धरत आलो.”

त्या दिवशी ठराव झाला. सहा वर्षांतल्या ‘उत्तर नाही’ म्हणून बंद केलेल्या सगळ्या एकसष्ट फायली पुन्हा उघडायच्या, माणूस सध्या कुठे आहे ते आधी शोधायचं, मग सोप्या भाषेत पत्र पाठवायचं. पत्र सोपं आहे की नाही हे फ्राऊ विमर वाचून सांगतील, असं ऊर्मिलेने परस्पर कबूल करून टाकलं. फ्राऊ विमरनी पहिला मसुदा लाल पेनने इतका रंगवला की प्राध्यापिका बाईंनी तो आपल्या विद्यार्थ्यांना दाखवायला मागून घेतला. एकसष्टांपैकी बावीस जणांनी उत्तर दिलं. बहुतेकांत पुढे नेण्यासारखं काही निघालं नाही, पण तसं त्यांना कारणासकट कळवलं गेलं.

बॉयलरच्या मेमरीत कोड सापडला. त्याच तारखेचा, रात्री आठ सत्तेचाळीसचा, त्या फिटरचाच. आग लागली होती नऊला. कोर्टाने खटला पुन्हा चालवायला घेतला आणि गेल्या वर्षीच्या शरदात फिटर निर्दोष सुटला. शिक्षा तोवर जवळजवळ भोगून झाली होती. ती वर्षं परत कुणी देऊ शकत नाही, आणि त्या रात्री जेवताना ऊर्मिला हेच बोलत राहिली, तेव्हा नागेशने तिचा हात नुसता धरून ठेवला.

डिसेंबरच्या बैठकीला ती नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर पोचली. आतली खोली बंद होती म्हणून पॅसेजमधल्या बाकावर कोट मांडीवर आणि फाइल कोटावर ठेवून बसली. फ्राऊ केसलरच्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. चाळिशीचा, रुंद हातांचा, हातात केकचा डबा. त्याच्यामागे दारात उभ्या फ्राऊ केसलरचे डोळे लाल दिसत होते. तो फिटर हाच, हे ऊर्मिलेने ओळखलं. त्याने मात्र तिला कधीच पाहिलं नव्हतं. मंडळावर कोण असतं हे अर्जदारांना ठाऊक नसतं.

तो थांबला. बाकावर एकटी बसलेली, सावळी, जरा अवघडलेली बाई आणि तिच्या मांडीवरची फाइल त्याने पाहिली, आणि तो हळूच तिच्या शेजारी टेकला.

“पहिल्यांदा आलात?” त्याने विचारलं. “घाबरू नका. कुणासाठी, नवऱ्यासाठी? बरं, सांगू नका. वेळ लागतो, पण इथली माणसं चांगली आहेत. सगळं वाचतात. अगदी शेवटच्या पानापर्यंत.”

फ्राऊ केसलर काहीतरी बोलायला पुढे झाल्या. ऊर्मिलेने नजरेनेच त्यांना थांबवलं.

“डांके,” ती म्हणाली. आभारी आहे.

त्याने डबा उघडून तिच्यापुढे धरला. आलुबुखारचा केक होता, मावशीने केलेला. ऊर्मिलेने त्यातला कडेचा मोठा तुकडा उचलला.