अण्णांचा जप

आमच्या गावच्या महादेवाची पूजा आमच्या घराण्याकडे होती. औंढ्याच्या नागनाथाला जाणारे लोक वाटेत थांबले तर थांबत, नाही तर एसटीच्या खिडकीतूनच हात जोडत. एवढाच त्या देवाचा लौकिक. पण माझे वडील, अण्णा, जगाचा कारभार त्याच गाभाऱ्यातून चालतो अशा थाटात त्याची चाकरी करत. मी वसमतला शाळेत इतिहास शिकवत होतो आणि देव मानत नव्हतो. आमच्याकडे हा एक आजार समजला जाई. लग्न झाल्यावर बरा होईल असं म्हणत, मग मूल झाल्यावर. पुढे लोकांनी नाद सोडला.

अण्णांकडे सगळ्या दुःखांवर एकच औषध होतं. कुणाची म्हैस मेली, कुणाची लेक सासरहून परत आली, की ते अंगारा लावून म्हणत, "भोग आहे. भोगूनच संपवायचा." देवाकडे बोट दाखवलेलं त्यांना खपत नसे. मेंढ्या राखणाऱ्या एका बाईचा पोरगा विहिरीत बुडाला, तेव्हा ती देवळाच्या पायरीवर उभी राहून ओरडत होती, "माझंच काहून रे? माझंच काहून?" अण्णांनी तिला खाली उतरवलं. "देवाला जाब विचारणारी तू कोण? मागच्या जन्मी काय करून आलीस ते आठव." ती बिचारी ओरडायची थांबली आणि खरंच आठवायला लागली.

हिंगोलीचा जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात अण्णांना पूजेतच झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा एक शब्द परत आला होता. फक्त एकच. "भाडखाऊ."

जन्मात त्यांच्या तोंडून कुणी शिवी ऐकली नव्हती. आता पाणी हवं असलं तरी भाडखाऊ, आईला हाक मारायची तरी भाडखाऊ. आणि पहाटे देवघराकडे तोंड करून, डावा हात छातीशी धरून, कितीतरी वेळ तेच.

आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे आमच्याकडे चौकशी समिती असते. समितीने चहा घेत कामकाज चालवलं.

"पूजेत काही चुकलं असंल," एक जण म्हणाला.

"त्यांच्या हातून काय चुकायचं? घरातच नास्तिक निपजला," दुसरा माझ्या हातून कप घेत म्हणाला. "मास्तर, साखर कमी हाय बरं का."

पूजा आता माझ्या चुलत भावाकडे गेली होती. त्याचा निकाल तयारच होता. "काका देवालाच शिव्या देऊन राहिले. पाणी बापातून पोरात उतरतं. आमच्यात पोरातून बापात चढलं."

मेंढ्यावाली बाईही आली. अण्णांच्या पायाशी बसली आणि अगदी मायेनं म्हणाली, "भोग हाय महाराज. भोगूनच सपवावा लागतो."

"भाडखाऊ," अण्णा म्हणाले.

"व्हय, व्हय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

मला मात्र त्या दिवसांत आतून बरं वाटत होतं. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी देवाशी सरळ बोलतंय, असं मी धरून चाललो होतो. आयुष्यभर इतरांना गप्प बसवलेल्या माणसाला शेवटी स्वतःचा हिशेब कळला, आणि तो पहाटे उठून देवाकडे जाब मागतो आहे. मी आईला तसं म्हणालोही.

आईने माझ्याकडे लेकराकडे बघावं तसं बघितलं. "त्यांच्या हाताकडं बघ," ती म्हणाली.

डाव्या हातात रुद्राक्षाची माळ होती. एका मण्याला एक शिवी, मग पुढचा मणी. मेरुमणी आला की थांबून माळ उलटी फिरवत होते, नियमाप्रमाणे.

"जप चालू हाय त्यांचा," आई म्हणाली. "त्यांच्या कानाला मंत्रच ऐकू येऊन राहिला."

नांदेडच्या डॉक्टरांना विचारलं. तेही तेच म्हणाले. मेंदूचा एक भाग गेला की असं होतं. आपण बरोबर बोलतोय असंच रोग्याला वाटतं, आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला फारसं कळत नाही. कुणाचा दोष नाही. मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो. इतक्या भाविक माणसाची अशी चेष्टा करायला कुणीतरी असायला हवं होतं. त्या घटकेला मला देव हवा होता, आरोपी म्हणून. पण तो नाही, हे मी स्वतःच ठरवून बसलेलो.

श्रावण लागला आणि अण्णा रोज दोरीवरच्या सोवळ्याच्या मुकट्याकडे बोट दाखवायला लागले. सोमवारी त्यांना देवापुढे जायचं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांनी आजारात मागितली. मी चुलत भावाकडे गेलो.

"आणा की," तो म्हणाला. "पण तोंडाचं काय? सोमवारची गर्दी असती, लेकीबाळी असत्यात."

"मनात काय आहे ते देवाला कळत नाही का?" माझ्या तोंडून हे वाक्य निघालं याचं मलाच नवल वाटलं.

"देवाला कळतं हो दादा. लोकायला कळत न्हाई."

सोमवारी आईने अण्णांना मुकटा नेसवला, भस्म लावलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही त्यांना उचललं. पुढून दोघे गावकरी, मागून मी. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलो तोच चुलत भाऊ माझ्या बाजूने मागे आला आणि माझ्या खांद्यावरून हात घालून त्याने अण्णांच्या तोंडावर उपरणं करकचून बांधलं. "पिंडीवर श्वास पडू नये म्हणून," त्याने गर्दीला सांगितलं आणि घंटा बडवत पुढे गेला. माझे दोन्ही हात खुर्चीखाली होते.

असा नियम नाही, हे अण्णांइतकं कुणाला माहीत नव्हतं. उपरण्याखाली त्यांचे गाल हलत होते. डावा हात त्यांनी गाठीकडे नेला, तर चुलत भावाने तोच हात धरून त्यावर तीर्थ घातलं. खुर्ची टेकवून मी गाठीला हात घातला तोवर त्याने खूण केली होती. पुढच्या दोघांनी खुर्ची फिरवून बाहेर सभामंडपात ओढली, आणि उपरणं माझ्या हातात सुटून आलं. तेव्हा अण्णांनी मान वळवून मागे बघितलं. मागे मी होतो, हातात उपरणं.

"अवो, त्यानं न्हाई, पुतण्यानं बांधलं," आई त्यांना रोज सांगे. मीही सांगून पाहिलं, हातवारे करून पाहिले. चुलत भाऊ प्रसाद घेऊन येई. त्याच्या हातून ते खात. माझ्या हातचा घास त्यांनी त्यानंतर घेतला नाही. मी खोलीत पाऊल टाकलं की माळ थांबे आणि ते ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहत. कार्तिकात ते गेले, तोपर्यंत हेच. झटक्यासकट सगळा कारभार ज्याच्या गाभाऱ्यातून चालतो असं ते मानत, त्या देवाकडे त्यांनी तसं एकदाही बघितलं नाही.